जिभेवरचा गंज

भरडखोल
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जहुरा,

पत्र बघून हसशील. म्हसळ्याच्या शाळेत एका बाकावर बसलो त्याला तीस वर्षं झाली, आणि आज घरात फोन असताना ही बाई कागदावर लिहितेय. पण फोन अनंताचा आणि माझा मिळून एकच. तो बोटीवर गेला की फोनही जातो. तो घरी असला तरी बोलायची सोय नाही. आमच्या आणि नीराबाईच्या घरात एकच पत्र्याची भिंत आहे. मी ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबतो. मोठी जाऊ ती, का थांबलीस म्हणून विचारायचं कसं? म्हणून सुक्या बोंबलांच्या पुड्यात हे घालून हितेशच्या टेम्पोतून पाठवतेय. तो दिवसाआड उरणला मासळी नेतो. पाकीट शिवलंय. टाके सात आहेत, मोजून घे.

गोळी सुरू करून आज सात दिवस झाले. सध्या अर्धीच, उद्यापासून पूर्ण. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आधी थोडा त्रास, मग आराम. आरामाचा पत्ता नाही. सकाळी पोटात ढवळतं. हात बारीक थरथरतात, काल बोंबील वाळवायच्या वळांडीवर टांगताना दोनदा निसटले. झोप तुकड्यातुकड्यानं येते. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. आणि छातीत काहीतरी उगाच घाईत असतं. नुसती ओट्यावर बसलेली असले तरी वाटतं, कुणीतरी कुठंतरी बोलावलंय आणि मला उशीर झालाय.

तू माहेरी आली होतीस म्हणून तुझ्यासोबत माणगावला जाता आलं, तेही ‘डोळे दाखवायला’ सांगून. दुसऱ्याच दिवशी नीराबाईनं विचारलं, “चष्मा कुठं हाय?”

“लागला न्हाय.”

“मंग येवढ्या लांब कशाला गेलीस? डोळं चांगलं हायेत ते मी हितंच सांगितलं असतं.”

तेव्हापासून ती बोलताना माझ्या डोळ्यांत बघते. गोळ्यांची पट्टी मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलीय.

खरं सांग, त्या बाईंनी गोळी बरोबरच दिली असेल ना? त्यांनी कारण विचारलं, मला सांगता आलं नाही. नवरा मारत नाही. मुलगी सासरी सुखात आहे. नुसतं वर्षभर सकाळी उठावंसं वाटत नाही. कारण सापडलं नाही तरी आजार असतो, म्हणाल्या. कारण सापडलेलं नसताना औषध लिहून देणाऱ्या माणसावर किती विसंबायचं?

तुझी
सुचिता


उरण
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुचि,

टाके सातच होते. हितेशला तुझ्या पत्रात रस नाही, बोंबलांत आहे. पुडा जरा हलका वाटला.

गोळी रिकाम्या पोटी घेतेस ना? घेऊ नकोस. जेवणावर घे, पोट शांत राहील. तोंड कोरडं पडलं की घोट घोट पाणी पी, बडीशेप चघळ. चहा दुपारनंतर बंद, झोप नाही म्हणतेस आणि दिवसाला सहा कप पितेस. हात थरथरतात त्याला घाबरू नकोस. आणि जांभया? झोप आलेली नसताना एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत? त्याही येतात, त्याही जातात. दोन-तीन आठवडे वाईट असतात. चौथ्या आठवड्यात एके दिवशी लक्षात येतं की आज सकाळी आपण उठलो ते ठरवून नाही, आपोआप उठलो.

छातीतली घाई असते ना, ती रिकामी बसत नाही. तिला कुणीतरी माणूस लागतं. नवरा, जाऊ, डॉक्टर, कुणावर तरी ती शक घ्यायला लावते. तेवढं सांभाळ.

सिराजुद्दीनचा सलाम. तो बंदरात ट्रेलर घेऊन गेलाय, परवा येईल.

तुझी
जहुरा


भरडखोल
१८ फेब्रुवारी २०२५

जहुरा,

जांभयांचं तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं. पत्रातला शब्द न् शब्द मला आठवतो. जांभया येतात, दिवसाला पन्नास येतात, आणि माझ्या जांभया ह्या गावात कुणी मोजत असेल तर नीराबाईच. सुके सोडे तू तिच्याकडूनच मागवतेस. तुमचं बोलणं होतं का? रागावू नकोस, पण हे विचारल्याशिवाय मला पुढं लिहिता येत नाही.

इथं काहीतरी चाललंय. सकाळचा चहा दोन्ही घरांचा एका पातेल्यात होतो आणि तो नीराबाई करते. सात दिवस झाले, तो चहा मला गंजका लागतो. जुनं नाणं तोंडात धरावं तसा. मी कप तिच्यासमोर ओठाला लावते आणि ती वळली की वाळूत ओतते. गेल्या बुधवारी तांदळाच्या डब्यातली पट्टी उलटी पडलेली दिसली. मी गोळ्या वर करून ठेवते, ती खाली करून होती. मोजल्या तर एक कमी.

आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मासळी वाळवायच्या खळ्यावर जे झालं ते तुला कळायला हवं. आमची पद्धत तू लहानपणी पाहिलीयेस. बारा घरांचा सुका जवळा एका ढिगात जातो, व्यापारी ढीग बघतो, पाटी बघत नाही. म्हणून ढिगात ओतण्याआधी प्रत्येक पाटीतली चिमूट मी जिभेवर ठेवते. गेल्या वर्षीचा जुना जवळा मिसळला असेल, ओल राहिली असेल, वाळू असेल, मला कळतं. सासूच्या मागं हे काम माझ्याकडे आलं. मी ‘ओता’ म्हटलं की ओतायचं, त्यावर कुणी बोलत नाही.

गुरुवारी नीराबाईच्या पाटीला मी ओता म्हटलं नाही. “ह्यात जुना हाय,” म्हणाले. सगळ्यांसमोर.

“एकदा अजून चाख,” ती म्हणाली.

चाखला. तोच गंज. तिनं वाद घातला नाही. पाटी उचलली आणि घरी गेली. मागून कुणीतरी म्हणालं, “घरातलीच सांगते म्हंजे खरंच असंल.”

ती भांडली का नाही, जहुरा? गावात मासळीच्या शेपटीवरून भांडणारी बाई.

कालपासून मी गोळी घेतलेली नाही. ह्या घरात राहायचं तर डोकं शाबूत पाहिजे.

सुचिता


उरण
२० फेब्रुवारी २०२५

सुचि,

नीराबाईशी माझं शेवटचं बोलणं दिवाळीत झालं, सोड्यांच्या भावावरून, आणि ते भांडणच होतं.

जांभयांचं मला कुणी सांगितलं नाही. त्या मला येत होत्या. दोन वर्षांपूर्वी तू इथं आलीस, फ्रिजवरची पट्टी बघून ‘हे काय’ विचारलंस आणि मी थायरॉईड म्हणाले. थायरॉईड नव्हता. सिराजुद्दीनलाही मी तेच सांगितलंय. तो चार-चार दिवस बाहेर असतो, लपवायला सोपं गेलं. त्या वर्षी रमजानात सहेरीला सगळ्यांच्या आधी उठून मी गोळी घ्यायचे आणि पट्टी शेवयांच्या बरणीत ठेवायचे. माणगावला दवाखान्यातल्या बाकावर तुला सांगणार होते. तेवढ्यात तू कानात म्हणालीस, “इथं येणारी माणसं बघ, अगदी आपल्यासारखी दिसतात,” आणि माझी हिंमत गेली.

आता ऐक. मी बाराव्या दिवशी स्वतःच्या मनानं गोळी सोडली होती. मलाही डोकं शाबूत ठेवायचं होतं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि आठवड्याभरात जिथून निघाले त्याच्याही खाली जाऊन बसले. कशी बसले ते लिहिणार नाही. सोडायची असेल तर डॉक्टरांना विचारून, त्या सांगतील तशी, हळूहळू. एसटी स्टँडवरच्या दुकानातून आजच त्यांना फोन कर. मनात काही भलतंसलतं येत असेल तर तेही सांग, लाजू नकोस.

आणि नीराबाईवर शक घेण्याआधी एक कर. दिवेआगरच्या एखाद्या वाडीत जा, झाडावरून शहाळं उतरवून घे, तुझ्यासमोर फोडायला लाव आणि तिथंच उभी राहून पी. शहाळ्यात नीराबाईचा हात जात नाही. तेही गंजकं लागलं तर समज.

कुणाला काही सांगू नकोस. मी सांगितलं नाही, आणि बरी झाले.

जहुरा


भरडखोल
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय जहुरा,

शहाळं गंजकं होतं. दुसरं फोडायला लावलं. वाडीवाला म्हणाला, “काकू, गोड न्हाय काय?” मी म्हटलं, गोड आहे, आणि तिथंच बांधावर बसले. खूप दिवसांनी रडू आलं. ह्या वर्षात तेही येत नव्हतं.

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, तोंडाची चव जाणं काहींना होतं, बहुतेकांची परत येते. मधल्या खाड्याचं सांगितलं. रागावल्या नाहीत. रात्रीच्या जेवणावर घ्या, परत मनानं बंद करू नका, चौथ्या आठवड्यात दाखवून जा, म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू केलीय.

तुझ्यावर रागावले होते. थायरॉईडमुळे. आता नाही. पण तुला एवढं मोठं माझ्यापासून लपवता आलं, हे मनातून जात नाही. मी तुझ्या घरी चार दिवस राहिले होते, त्याच बरणीतल्या शेवया खाल्ल्या असतील.

आता माझी अडचण बघ. नीराबाईची पाटी तशीच पडून आहे. दुसऱ्या गुरुवारीही तिनं आणली नाही. खळ्यावर बायका तिच्या वाळवणापासून आपलं वाळवण लांब सारतात. नळावर तिला ऐकू जाईल असं बोलतात, “चाखून घ्या गं, जुनं नसंल ना?” तिचा सगळ्यात मोठा मुलगा सुजित, त्याच्या लग्नाचं बघतायत. असल्या बोलण्याला पाय फुटतात. हे सगळं मी केलंय, आणि मागं घ्यायचं तर जीभ बिघडली होती म्हणावं लागेल. कशानं बिघडली, हा पुढचा प्रश्न.

पट्टीतली गोळी कुणी घेतली ते अजून कळलेलं नाही. तेवढा संशय मला राहू दे.

सुचिता


उरण
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुचि,

दोन दिवसांत रोजे सुरू होतील. रोज्यात कुणाला खोटं बोलायला शिकवू नये, म्हणून आजच लिहिते.

तोंड आलं होतं, म्हण. जिभेवर फोड होते, चव कळत नव्हती, चूक झाली. कोण तुझी जीभ बाहेर काढून बघणार आहे? एक खोटं बोल आणि दोघी सुटा. गोळीचं नाव काढू नकोस. एकदा काढलंस की पुढं तू रागावलीस तरी ‘गोळी घेतली न्हाय वाटतं’, आणि हसलीस तरी तेच. मी बाजारात मासे घेताना घासाघीस करते, लोक म्हणतात, पक्की बाई आहे. माझ्या गोळ्या त्यांना माहीत असत्या तर काय म्हणाले असते?

जहुरा


भरडखोल
७ मार्च २०२५

प्रिय जहुरा,

तुझं खोटं मी पाठ करून गेले होते. काल गुरुवारी खळ्यावर सगळ्या जमल्या. नीराबाईही होती, पाटी नव्हती. मी म्हटलं, “त्या दिवशी माझं तोंड आलं व्हतं. जाऊबायच्या जवळ्याचं बोलले ते धरू नका.”

धाकूबाईला तू ओळखतेस, तिच्या तोंडाला फाटक नाही. म्हणाली, “तोंड आलं व्हतं तर आमच्या धा पाट्या कशा वतल्यास गं? आमचा गोड लागला आन् जावेचा तेवढा कडू?”

सगळ्या हसल्या. मी हसणार होते. पण तिनं विचारलं होतं ते खरंच होतं. त्या दिवशी बाराच्या बारा पाट्या मला गंजक्या लागल्या होत्या, माझीसुद्धा. मी मनाशी म्हटलं, आज जिभेला काहीतरी झालंय, आणि ओता, ओता करत गेले. थांबले ते एकाच पाटीपाशी. गंज गोळीनं दिला असेल, जहुरा. नाव मी निवडलं.

मग माझ्याच्यानं त्या खोट्यावर थांबवेना. म्हटलं, “वर्षभर माझं मन बरं न्हाय. माणगावच्या डॉक्टरची गोळी घेते. तिनं समदंच गंजकं लागतंय. बायचा जवळा चांगला असंल. माझीच जीभ खोटी.”

धाकूबाईनं आपली पाटी स्वतःकडे ओढून घेतली. वीतभरच.

घरी आले तर नीराबाई माझ्या दारात. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बरे बोलेल.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“गोळ्या. तांदूळ न्यायला आले तवा हाताला लागल्या. एक कापून श्रीवर्धनला मेडिकलवाल्याला दाखवली. तो बोलला, मन लागत न्हाय त्याची हाय.”

“मंग त्या दिवशी खळ्यावर का न्हाय बोललीस? एवढं सांगितलं असतंस तर तुझी पाटी तवाच वतली गेली असती.”

“आन् मंग?” तिचा आवाज चढला. “रविवारी सुजितला बघायला मानसं येनार हायेत. घरात डोक्याच्या गोळ्या खानारी हाय म्हनून गावभर झालं तर पोरगी कोन देईल? जवळ्याचं काय, पडला असता. पुढल्या उधाणाला नवा आला असता. आज तू वतलंस ते परत पाटीत कसं भरू, ते सांग मला.”

जाताना वळून म्हणाली, “आन् मला चोर केलंस ते मी इसरायची न्हाय. ते येगळं.”

ती माझ्यासाठी गप्प राहिली की सुजितसाठी? कालपासून हा प्रश्न दोनदा ओठावर आला आणि दोनदा गिळला. विचारलं तर ती उत्तर देईल, आणि मग ते उत्तर खरं की खोटं हे मी उकरत बसेन. नवा संशय पाळायची ताकद माझ्यात नाही.

पट्टी आता तांदळात नाही. फळीवर, मिठाच्या बाजूला आहे.

सुचिता


उरण
११ मार्च २०२५

प्रिय सुचि,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. तू ऐकलं नाहीस म्हणून नव्हे. ऐकलं असतंस तर माझं लपवणं मला शहाणपणाचं वाटत राहिलं असतं, म्हणून.

सिराजुद्दीनला अजून सांगितलेलं नाही. काल इफ्तारला समोर बसला होता. खजुराची ताटली त्यानं पुढं केली, मी तोंड उघडलं, आणि त्यात खजूर घातला.

रविवारी काय झालं ते लिही. आणि झोप? पोट? मी इतके दिवस सांगत होते, आता विचारतेय.

जहुरा


भरडखोल
२१ मार्च २०२५

प्रिय जहुरा,

पाहुणे आले होते. मुलीच्या आईनं नीराबाईला विचारलं, “धाकटी जाऊ ती हीच का?” आणि चहा संपेपर्यंत माझ्याकडे बघत होती. निरोप अजून आलेला नाही. आला नाही म्हणजे नकार, असं नीराबाई म्हणत नाही, पण माझ्याशी कामापुरतंच बोलते. अनंताला मीच सांगितलं. तो जाळं विणत होता. हातातली गाठ पक्की करून म्हणाला, “मला वाटलं व्हतं माझ्यावरच रागावलीस.” एक वर्ष त्याला तसं वाटत होतं.

पोट ठीक आहे. जांभया दिवसाला पाच-सहा. सलग झोप लागते, चार तास तरी. माणगावला जाऊन आले, ह्या वेळी डोळ्यांचं कारण न सांगता. चालू ठेवा, म्हणाल्या. परवा सकाळी उठून चूल पेटवली आणि पाणी तापल्यावर लक्षात आलं की मी उठलेय. तू लिहिलं होतंस तसंच. तुला मानलं. चव मात्र अर्धीमुर्धी आहे. मीठ कळतं, बाकीचं कधी येतं, कधी जातं.

होळीच्या गुरुवारी चाखायचं काम मी सोडलं. धाकूबाईनं चाखलं. कुणाशी वाईटपणा नको म्हणून तिनं सगळ्यांनाच ओता म्हटलं, आणि व्यापाऱ्यानं अर्धा ढीग ओला म्हणून तसाच ठेवला. नीराबाईनं त्या दिवशीही पाटी आणली नव्हती.

काल तिनं आणली. व्यापाऱ्याची गाडी उभी होती, सगळ्या होत्या. ती ढिगाकडे गेली नाही. मी कडेला माझी वळांडी बांधत होते, तिथं येऊन तिनं पाटी माझ्यासमोर ठेवली.

“चाख.”

“बाय, आता धाकूबाई—”

“मी तुला सांगितलं. चाख, आन् खरं बोल.”

मी चिमूट जिभेवर ठेवली. आधी मीठ आलं. मग जवळ्याचा गोडवा, खरा, खूप दिवसांनी. आणि शेवटी एक बारीक रेघ. ती गोळीची असेल. जुन्या जवळ्याचीही असेल. मला सांगता येईना. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. ओता म्हटलं असतं तर तिचं नाव तिला परत मिळालं असतं, आणि माझ्या मानेवरचं ओझंही उतरलं असतं. शब्द जिभेवर आलाच होता.

“बाय,” मी म्हटलं, “मला अजून पुरतं कळत न्हाय. आठ दिवस जाऊ दे.”

“झालं!” धाकूबाई म्हणाली. “गाडी दारात उभी, आन् हिच्या जिभेला सुट्टी पायजे.”

नीराबाई माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मग गाडीवाल्याकडे वळून म्हणाली, “माझा पुढल्या गुरुवारी.”

“ताई, पुढल्या गुरुवारी भाव ऱ्हायचा न्हाय.”

“नसू दे. मी थांबते.”

ती पाटी उचलायला खाली वाकली. कडा धरली, पण उचलली नाही. दुसरी बाजू मी धरेपर्यंत तशीच वाकून राहिली.

तुझी
सुचिता